वाजवणाऱ्यांची लाह

दिवलीबाईला ढोल वाजवता येत नव्हता. बाईमाणसानं ढोलाला काठी लावायची नाही, अशी त्या डोंगराची रीत, आणि तिनं ती कधी मोडली नाही. तरी शहाद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या कुशीतल्या जांभीपाडा या पावरा आदिवासींच्या वस्तीत ढोलाचा विषय निघाला की म्हातारी माणसं आधी तिचं नाव घेतात आणि मग वाजवणाऱ्याचं.

ही गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. दुसरी मोठी लढाई अजून लागायची होती. दिवलीबाई तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. रुंद हाडाची, सावळी, चालताना मान कधी खाली न घालणारी. कमी बोलायची, आणि बोलली की समोरच्याला उत्तर शोधायला डोंगर उतरावा लागायचा.

तिचा नवरा डोंगरसिंग हा पाड्याचा ढोल्या. शिवणीच्या एकसंध खोडातून कोरलेला, माणसाच्या मिठीत न मावणारा ढोल तो गळ्यात घ्यायचा. त्याच्या काठीचा आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत यायचा आणि त्या परत येणाऱ्या आवाजावर तो दुसरी काठी मारायचा. दोन डोंगर एकमेकांशी बोलतायत असं वाटायचं. डोंगरात देव उठवायची चाल वेगळी, नवरी घरात घ्यायची वेगळी, मेलेल्याला पोचवायची वेगळी. चाल चुकली तर ते काम झालं असं कोणी धरत नाही.

पण ढोल्याला शेत सुटलेलं नसतं. दुसऱ्याच्या लग्नात वाजवायला गेला की त्याच्या स्वतःच्या वावरात तण माजायचं. एका वर्षी डोंगरसिंगच्या घरात दाणा उरला नाही. तो खाली तापीकाठच्या गावात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतगडी, म्हणून राहिला. सालदारकी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लागते आणि पुढच्या आखाजीला सुटते. मधे सण नाही, मयत नाही, होळी नाही. एका आखाजीची दुसरी झाली, दुसरीची तिसरी. शेवटी साल अर्धवट टाकून तो परत आला तेव्हा होळी जवळ आली होती. लोकांनी मोठ्या हौसेनं ढोल त्याच्या गळ्यात घातला. काठी पडली ती नांगराचं रुमणं दाबल्यासारखी. लोक नाचले, पण अडखळत नाचले. डोंगरसिंगनं ढोल उतरवला, खुंटीला लावला, आणि पुन्हा काढला नाही. पुढच्या पावसाळ्यात तापानं गेला. त्याला पोचवताना चाल वाजवली ती आमशानं.

आमशा म्हणजे दिवलीबाईच्या भावाचा मुलगा. डोंगरसिंगच्या पायाशी बसून त्यानं सगळ्या चाली हातात घेतल्या होत्या. त्याच्याशिवाय त्या साऱ्या चाली येणारा माणूस आता त्या खोऱ्यात नव्हता. आणि पुढच्या आखाजीला आमशाही खाली गेला. सारंगखेड्याच्या अलीकडे हिलाल पाटलाचं गाव होतं. त्याच्याकडे तो सालदार राहिला.

दिवलीबाईनं हे ऐकलं तेव्हा ती मोहाच्या झाडाखाली बसून टोपलीत शेण भरत होती. हात तसाच टोपलीत राहिला. मग ती उठली आणि थेट कारभाऱ्याच्या अंगणात गेली.

कारभारी होता वाहरू. पाड्याचा न्याय त्याच्या तोंडून व्हायचा. माणूस खरा, पण खडूस. त्याला नवीन काही आवडत नसे.

डोंगरात लाह असते. ज्याचं काम अडलं त्यानं हाक द्यायची, साऱ्या पाड्यानं जाऊन ते काम उरकायचं. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं फक्त एकदा जेवू घालायचं, आणि पुढं दुसऱ्याची हाक आली की विळा घेऊन जायचं. जो जेवला तो लाहचा माणूस झाला. जो हाकेला आला नाही त्याच्या वावरात मग कोणी पाय ठेवत नाही.

दिवलीबाई पंचांपुढं म्हणाली, "जो ढोल वाजवतो, जो ढोल कोरतो, जो पावरी फुंकतो, त्यांच्या वावराची लाह पाड्यानं आधी करायची. आणि त्यांच्याकडून फिरून काम मागायचं नाही. त्यांनी वाजवायचं आणि पोरांना शिकवायचं. तेच त्यांचं काम."

अंगणात हसू पसरलं. एक जण म्हणाला, "मग मी पण उद्यापासून ढोल्या. झोपून वाजवीन."

"तू वाजवलास तर मेलेला माणूस उठून पळेल," दिवलीबाई म्हणाली.

वाहरू हसला नाही. "आम्ही उन्हात राबायचं आणि त्यानं सावलीत बसून काठी हलवायची? हा कुठला न्याय?"

"वाहरू, तुझ्या पोराचं लगीन पुढल्या वर्षी. नवरी घरात घ्यायला कोण वाजवणार? तुझा बैल?"

वाहरूनं विडी खाली ठेवली. मग त्यानं न्याय सांगितला, आणि तो न्याय दिवलीबाईच्या मानेवर दगडासारखा बसला. "एक साल करून पाहू. पण लाह म्हणजे लाह. ज्यानं ज्यानं लाह घेतली तो आमशाच्या हाकेला आला पाहिजे. एक माणूस जरी चुकला तरी ही लाह मोडली. मग आमशानं आपलं पोट आपण भरावं आणि खाली जावं. पुन्हा हा विषय माझ्या अंगणात आणायचा नाही."

"कबूल," दिवलीबाई म्हणाली.

बघता बघता पुढची होळी जवळ आली आणि ढोल्या अजून खाली अडकलेलाच. दिवलीबाई डोंगर उतरून हिलाल पाटलाच्या ओट्यापुढं उभी राहिली. हिलाल गावचा पोलीस पाटील, भरल्या घरचा. सारंगखेड्याच्या जत्रेतून आणलेली पांढरी घोडी दारात बांधलेली. त्याला कोणी अहोजाहो केलं नाही तर राग येई. आणि डोंगरात तर देवालाही तू म्हणतात.

"पाटील, आमशाले होळीले सोड," ती तिच्या मोडक्या अहिराणीत म्हणाली.

"सोडू? आनि मन्हा गहू काय तुन्हा बाप कापी?"

"बाप तं मरी गया. मी कापसू. आख्खा पाडा कापसू."

हिलाल सावरून बसला. "मजुरी काय लेशात?"

"काही नही. एक टाइमनं जेवण. लाह शे ती."

फुकटची माणसं कोण नाकारतो? जांभीपाडा उतरला. बाया, बापे, म्हातारे सगळे आले, आणि हिलालचा गहू सूर्य कलायच्या आत आडवा झाला. हिलालची आई कौसाबाई, पांढऱ्या केसांची, वाकलेली, पण घरातला शब्द अजून तिच्या हातात. तिनं ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि उडदाची दाळ केली, आणि स्वतः पंगतीत वाढली. हिलाल खूष होऊन बांधावर उभा होता. मोठ्यानं म्हणाला, "अशी लाह रोज व्हवाले पाहिजे! माले बी बलाव वं बाय, मी बी येसू तुन्हा डोंगरमा!"

त्याच्या सोबतचे खो खो हसले. जांभीपाड्याचं कोणी हसलं नाही. त्यांनी फक्त माना हलवल्या. पाटलानं साऱ्यांसमोर शब्द दिला होता.

त्या होळीला ढोल वाजला तसा कैक वर्षांत वाजला नव्हता. आखाजीला आमशाचं साल सुटलं, आणि तो पुन्हा राहिला नाही. हिलालनं निरोप पाठवला, मग जास्तीच्या दाण्याची लालूच दाखवली, मग धमकी. आमशा पाड्यातच राहिला. सकाळी स्वतःच्या वावरात आणि दुपारी पोरांच्या हातात काठ्या देऊन मोहाखाली. पावसात त्याचं निंदण पाड्यानं केलं. ज्वारी अशी आली की आत शिरलेला माणूस दिसेना.

कार्तिक सरला. ज्वारी कापायला आली. आमशाची पहिली मोठी हाक द्यायची वेळ झाली.

वाहरू सकाळीच दिवलीबाईच्या दारात आला. खाली बसला नाही. "हाक कोणाकोणाला देणार?"

"पाड्याला. सगळ्यांना."

"आणि पाटलाला?"

दिवलीबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"त्यानं लाह घेतली," वाहरू म्हणाला. "आपल्याला जेवू घातलं. शब्द दिला. तो लाहचा माणूस. तो आला नाही तर लाह मोडली. मी पंचांसमोर बोललोय, तूही बोललीस."

तिला वाटलं, हा मुद्दाम करतोय. पण वाहरूच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. त्याच्या दृष्टीनं सरळ गोष्ट होती. लाहला पाटील आणि पावरा असा भेद ठाऊक नाही. आणि मनातून तिलाही हेच पटत होतं. पाटलाला सूट दिली तर ती लाह राहत नाही, वेठ होते.

ती पुन्हा डोंगर उतरली. वाटेत कापसाची वावरं पांढरी फुटली होती. हिलालचा कापूस सगळ्यात दाट. तो वेचायला दरसाल डोंगरातूनच माणसं येत.

ओट्यावर हिलालसोबत गावातली चार माणसं बसली होती. तिनं उभ्यानंच हाक दिली. "पाटील, आमशानी लाह शे. परवा. इळा लई ये."

आधी ओटा हसला. मग हिलालचं हसू आटलं, कारण बाई हसत नव्हती.

"मी? पाटील मानूस भिल्लासना वावरमा इळा धरी?"

"तूच बोलना व्हता. मी बी येसू म्हनीसन."

"ती गंमत व्हती! गंमत समजस का तुम्हले?"

"लाहमा गंमत नही ऱ्हास."

हिलाल उठून उभा राहिला. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. "मन्हा सालदार फोडा तुम्ही, आनि आते माले चाकर करतस? निंघ! पुन्हा ह्या दारमा दिसनी तं पाहाय!"

दिवलीबाई हलली नाही. आतून कौसाबाई तांब्या घेऊन आली. तिनं वरून धरलेली धार दिवलीबाईनं ओंजळीत घेतली आणि प्यायली. म्हातारी मुलाकडं न बघता म्हणाली, "तोंडमाईन निंघेल शबद शे तो, हिलाल."

"माय, तू मधमा पडू नको!"

दिवलीबाई पदरानं तोंड पुसून निघाली. डोंगराची वाट त्या दिवशी तिला फार चढणीची वाटली. पाटील येणार नाही हे तिला ओट्यावरच कळलं होतं. म्हणजे परवा सूर्य मावळला की लाह मोडणार, आणि आमशा खाली जाणार. वाहरू आपला शब्द फिरवणार नाही. त्याचं खरेपणच आता तिच्यावर उलटलं होतं.

लाहच्या दिवशी दहिवर सुकायच्या आधी सगळे वावरात हजर. लाहमधे प्रत्येकाची पात आधी ठरते. कापायचा पट्टा म्हणजे पात. ज्याची पात त्यानंच ती कापायची, दुसऱ्यानं तिला विळा लावायचा नाही. वाहरूनं चालत चालत सगळ्यांच्या पाती दाखवल्या. शेवटची, वाटेकडची पात त्यानं रिकामी सोडली. "ही पाटलाची."

"पाटलाची म्हणजे पाखरांची," कोणीतरी पुटपुटलं.

"पाखरं निदान वेळेवर येतात," दुसरा म्हणाला. हसू आलं तसं विरून गेलं.

काम करणाऱ्यांना चाल द्यायची म्हणून आमशानं ढोल गळ्यात घेतला होता. पण त्याची काठी जड पडत होती. दिवलीबाई आपली पात कापता कापता मान वर करून वाटेकडं बघायची. वाट सरळ खाली उतरत जायची आणि सागाच्या झाडीत बुडायची. तिथून एक गुराखी आला, मग दोन बकऱ्या, मग कोणीच नाही. ऊन माथ्यावर आलं, उतरलं. एकेक पात संपत गेली. ज्वारी आडवी पडत गेली तसं वावर मोकळं होत गेलं, आणि त्या मोकळ्या वावराच्या कडेला पाटलाची पात एकटी उभी राहिली, भिंतीसारखी. वाऱ्यानं तिची पानं सळसळली की सगळे तिकडं बघायचे.

"फुई," आमशा आत्याच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "मी जातो खाली. तू कोणाशी भांडू नको."

"तू वाजव."

"हात चालत नाही."

"मग हळू वाजव. पण थांबू नको."

सूर्य पश्चिमेच्या शिखराला टेकायला आला. वाहरू आपला विळा पुसत उभा होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात झाडीतून पांढरी घोडी बाहेर आली.

हिलालच होता. घामाघूम झालेला, फेट्याचा शेव गळ्यात आलेला. विळा नव्हता, हातात चाबूक होता. त्यानं घोडी थेट वावरात घातली आणि खाली उडी टाकली.

"कोन म्हनस मन्हा कापूस येचाले जावानं नही? बाजारमा बठ्ठा बोली ऱ्हायनात! कोन म्हनस, पुढे या!"

कोणी पुढं आलं नाही, कोणी मागंही सरलं नाही. ढोल थांबला. वाहरूनं शांतपणे सांगितलं की कोणीच काही म्हटलेलं नाही. लाहला जो येत नाही त्याच्या वावरात पाय ठेवायचा नाही, ही जुनी रीत आहे.

"तुमनी रीत घाला चूल्हामा!" हिलाल ओरडला. मग आमशाकडं वळला. "आनि तू, तो ढोल काढ आनि चाल मन्हासंगे. आत्ते!"

आमशाचा हात ढोलाच्या दोरीकडं गेला. दिवलीबाई पुढं सरकली. आणि त्याच वेळी तिला दिसलं: हिलाल ओरडत होता, लगाम सुटला होता, आणि चढणीनं भुकेजलेली घोडी उभ्या पातीत तोंड घालून कणसं ओरबाडत होती. शेजारच्या बाईनं हाकलायला हात उचलला. दिवलीबाईनं तो हात घट्ट धरला आणि खाली आणला. घोडीनं चांगली चार ताटं मोडेपर्यंत ती गप्प राहिली.

मग म्हणाली, "पाटील, आमनी बकरी तुन्हा वावरमा घुसनी तं तू काय करस?"

"कोंडवाडामा टाकस! दुसरं काय?"

"आमनाकडे कोंडवाडा नही. मंग हाई घोडीनं काय करानं?"

हिलाल गर्रकन वळला. घोडीच्या तोंडातून कणीस लोंबत होतं. त्यानं धावत जाऊन लगाम खेचला. मोडलेली ताटं, पायाखाली सांडलेले दाणे, आणि चारी बाजूंनी बघणारे डोळे. ह्याच डोंगरातल्या किती बकऱ्या, किती बैल त्यानं कोंडवाड्यात टाकले होते! तेव्हा तो एकच वाक्य म्हणायचा, कायदा म्हणजे कायदा. आता ते वाक्य कोणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती.

 सूर्याचा अर्धा गोळा शिखरामागं गेला.

"पाटीलनं जनावर फुकट खात नही," हिलाल शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आन तो इळा. जितलं ऱ्हायनं तितलं कापी देस. मंग मन्हं तुमनं काही लागत नही."

दिवलीबाईनं आपला विळा उलटा धरून पुढं केला. त्यानं तिच्याकडं न बघता तो घेतला. अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या. हात पाटलाचा असला तरी शेतकऱ्याचा होता. पहिली दोन ताटं आखडून कापली, मग हात मोकळा झाला. आमशानं फुईकडं पाहिलं. तिनं मान हलवली, आणि ढोल वाजू लागला, कापणीच्या हाताला साथ देणारा. हिलालचा विळा नकळत त्या चालीवर पडू लागला.

पात संपली तेव्हा डोंगरावर लाली होती.  काम झालं तरी लाह पुरी झाली नव्हती. लाहच्या माणसानं ज्याचं वावर त्याचा दाणा खाल्ला पाहिजे. आमशाच्या बायकोनं भाकऱ्यांची टोपली झाकून ठेवली होती. सारे त्या टोपलीकडं बघत होते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं: पाटील पावऱ्याच्या हातची भाकरी खाणार नाही. विचारलं तर चिडेल, आणि चिडला तर झालेलंही मोडेल. वाहरू विचारल्याशिवाय राहायचा नाही. तो पुढं सरकलाच होता.

हिलाल कमरेवर हात ठेवून दम घेत होता. त्यानं सवयीनं पडलेलं एक कणीस उचललं. दाणा वाळलाय की ओला आहे हे कुठलाही शेतकरी बघतो तसं ते दोन तळव्यांत चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, आणि दाणे तोंडात टाकले. कडकड चावले. "वाळी गयी," तो स्वतःशीच म्हणाला. "दाना चांगला शे."

वाहरू जागच्या जागी थांबला.  आता जे काही होतं ते ह्या हट्टी कारभाऱ्याच्या तोंडात होतं. तो म्हणू शकत होता की हे जेवण नव्हे. वाहरूनं हिलालच्या हलणाऱ्या जबड्याकडं पाहिलं, मग झाकलेल्या टोपलीकडं, मग आमशाकडं.

"जेवला," वाहरू आपल्या पावरी बोलीत म्हणाला. "लाह पुरी झाली."

हिलालला ते कळलं नाही. त्यानं विळा बांधावर ठेवला, घोडीवर बसला आणि कोणाचा निरोप न घेता उतरणीला लागला. झाडीच्या तोंडाशी मात्र त्यानं मागं वळून ओरडून विचारलं, "मंग कापूसले येशात ना?"

"येसूत!" बाया एका आवाजात ओरडल्या.

दिवलीबाई तिथंच चिपाडांवर बसली.  आमशाच्या बायकोनं तिच्या हातात भाकरी दिली, तेव्हा तिला आठवलं की दिवसभर तिनं तोंडात काही घातलं नव्हतं. वाहरू शेजारी येऊन बसला, विडी पेटवली, आणि सगळं वावर डोळ्यांखालून घातलं.

"पुढल्या साली पाटलाची पात वरच्या अंगाला ठेवू," तो म्हणाला. "इथं वाटेवर ठेवली की घोडी नासाडी करते."

"वर दगड फार आहेत."

"असू देत. लाहला पाटील काय आणि दगड काय!"

दिवलीबाई हसली. तोंडात घास होता म्हणून तिला बोलता आलं नाही, नाहीतर पाटलाच्या शेजारची ती दगडाळ पात तिनं वाहरूलाच दिली असती.